तुम्ही विचारलेत म्हणून: विश्व प्रसरण पावत असताना दीर्घिका एकत्र कशा येतात?

हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा विसंगती पकडल्याचे समाधान असते. विसंगती येथे नाही. ज्या द्रव्यातून दीर्घिकासमूह घडले तेही आरंभी पसरतच होते. तिथली घनता सरासरीहून किंचित जास्त असल्यामुळे ते पसरणे मंदावत गेले, थांबले, आणि मग ते द्रव्य आत कोसळू लागले.

खरी अडचण या ‘किंचित’मध्ये आहे, आणि ती एका निवृत्त शिक्षकांनी भर सभेत मांडली. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना निघालेल्या आणि आजही आपल्यापर्यंत पोचणाऱ्या आदिम प्रारणात तापमानाचे चढउतार (घनतेतील फरकांच्या खुणा) लाखात एक भाग एवढेच आहेत. तेव्हापासून विश्व सुमारे १,१०० पट ताणले गेले आणि घनतेतील फरकही फार तर तेवढ्याच पटीने वाढू शकतो. “म्हणजे आज तो शंभरात एक भाग असायला हवा, मग समूह आले कुठून?” त्यांनी विचारले. अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगून त्यांना खाली बसवले आणि काही जण हसले. ते हसणे मला अजून बोचते, कारण त्यांचा हिशेब चोख होता. दाराशी गाठून मी त्यांना सांगितले की हा हिशेब प्रकाशाशी जखडलेल्या साध्या द्रव्याचा आहे. कृष्णद्रव्यावर, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्यावर, प्रकाशाचा दाब नसल्याने ते त्याआधीच साकळू लागले होते, आणि साधे द्रव्य मोकळे झाल्यावर त्या तयार खळग्यांत ओढले गेले. ते शांतपणे म्हणाले, “न दिसणाऱ्या वस्तूने हिशेब जुळवलात.”

हा आरोप मला मान्य नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा समूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून त्याच द्रव्याकडे बोट दाखवले होते, आणि २००६ मध्ये ‘बुलेट’ या दोन समूहांच्या टकरीत साध्या द्रव्याचा मोठा हिस्सा असलेला तप्त वायू मागे रेंगाळलेला, तर बहुतेक वस्तुमान पुढे निघून गेलेले आढळले. तरीही त्या द्रव्याचा कण आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही, हेही खरे.

समूहांची मोजणी हा वाद मिटवील, असे मी पूर्वी मानत असे. आदिम प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाला मात्र त्या प्रारणावरून अपेक्षित होते त्याहून कमी समूह आढळले. समूहांची वस्तुमानेच कमी मोजली गेली असावीत, असे माझे जुने मन म्हणते. तेवढ्याने भागेल असे मला आज वाटत नाही, पण त्याला खोडून काढण्याजोगा पुरावाही माझ्यापाशी नाही.