नकार द्यायची मुभा

मावशी वाईट काही बोलली नाही. "आता पुरे गं, सावर स्वतःला," एवढंच. पण आज ते लागलं. दुःखाला मुदत असते का? आणि ती दुसऱ्यांनी ठरवायची?

संध्याकाळी कशातच मन लागेना म्हणून हिब्रू बायबल उघडलं. उत्पत्ती, अध्याय ३७. आपल्या मुलाचा, योसेफाचा रक्तात भिजवलेला झगा बघून याकोब कपडे फाडतो, कमरेला गोणपाट गुंडाळतो. मुलगे-मुली समजूत घालायला जमतात आणि तो सांत्वन करून घ्यायला साफ नकार देतो. सांत्वनासाठी हिब्रू धातू 'नाखाम'. नकार द्यायची मुभा आहे तर! यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात याकोबाची बायको राहेलही मुलांसाठी रडताना याच धातूने नाही म्हणते. देव तिला रडणं थांबव म्हणतो खरा, पण लगेच मुलं परत येतील असं वचन देतो. असं वचन ज्याच्याकडे असेल, त्यानं म्हणावं सावर. माझी आई काही परत येणार नाही.

याकोबाची समजूत घालायला उभ्या राहिलेल्यांतच योसेफाला विकणारे त्याचेच भाऊ होते. आमच्या धाकट्याबद्दल आज लिहीत नाही.

हाच धातू देवाच्या पस्ताव्यालाही येतो. माणूस घडवला म्हणून त्याला वाईट वाटतं (उत्पत्ती ६:६), तिथेही नाखाम. काही अभ्यासक याचा संबंध खोल श्वास सोडण्याशी जोडतात, आणि मला ते पटतं. नुसते डोळे पुसणं नव्हे हे. आतून काहीतरी वळावं लागतं, आणि ते कुणी सांगून वळत नाही. वळलं तरी चांगल्याच दिशेनं वळेल असंही नाही. याकोबाचा भाऊ एसाव त्याला मारायचे बेत करून मनाचं समाधान करून घेतो, तिथेही हाच धातू आहे. ती ओळ वाचली की मला भीती वाटते.

मुलंबाळं, सगळंच गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याचं सांत्वन करायलाच आले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांना जमलं. तोंड उघडल्यावर ईयोबाला म्हणावं लागलं, तुम्ही सगळे त्रासच देणारे सांत्वनकर्ते. शेवटच्या अध्यायात मात्र भाऊबहिणी, जुनी ओळखीची माणसं येतात, त्याच्या घरी बसून भाकर खातात आणि त्याचं सांत्वन करतात. ते काय बोलले, ते लिहिलेलंच नाही.

मावशीनंही डबा आणला होता. भरीत, भाकरी, मिरचीचा ठेचा. माझ्यासमोर बसून जेवली, मलाही दोन घास खायला लावले. बाकी तिला तरी काय सुचणार? तिची तर सख्खी बहीण गेली.

उत्पत्तीचं शेवटचं पान मुद्दाम वाचलं. बाप गेल्यावर भावांना धास्ती वाटते, आता योसेफ सूड घेईल. तो त्यांचं सांत्वन करतो. धातू तोच. त्यांच्या हृदयावर बोलतो, असं हिब्रूत आहे.

पुढच्या महिन्यात आईच्या वर्षाची उपासना. धाकट्याला फोन कुणी करायचा, हा विषय अजून कुणी काढलेला नाही.