'डार्क सीड' एकदाचा संपवला

गिगर या चित्रकाराची चित्रं बघून घाबरावं म्हणून 'डार्क सीड' हा कॉम्प्युटर गेम लावला आणि घाम फोडला तो त्यातल्या घड्याळाने.

गेम 1992 चा, सायबरड्रीम्स या कंपनीचा. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या जमान्यातला, म्हणून लॅपटॉपवर डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवला. माईक डॉसन नावाचा लेखक जुनाट बंगला विकत घेतो आणि पहिल्याच रात्री, स्वप्नात, एक यंत्र त्याच्या डोक्यात परग्रहावरचा गर्भ सोडतं. सकाळी डोकं ठणकत असतं. बाथरूममधल्या कपाटातली ॲस्पिरिन द्यायची आणि कामाला लागायचं. हातात फक्त तीन दिवस. (माईक डॉसन हे गेमच्या डिझायनरचंच नाव, आणि पडद्यावर हिंडतो तोही तोच. हौस बघा!)

घड्याळ थांबत नाही हीच गोम. तुम्ही दिवाणखान्यात विचार करत उभे राहा, तिकडे दुपार टळलेली असते. पहिल्या दिवशी उचलायची वस्तू राहिली तर गेम चकार शब्द काढत नाही. तुम्ही आपले फिरत राहता आणि तिसऱ्या दिवशी कळतं की रस्ता केव्हाच बंद झालाय. म्हणून जुन्या सेव्हवर (साठवून ठेवलेल्या खेळावर) नवा सेव्ह कधीच चढवला नाही, आणि शेजारी वही ठेवली: कुठल्या वेळी कोण कुठे भेटतं, कुठे काय मिळतं. वही नसती तर मी हा गेम सोडून दिला असता.

सगळ्यात छळलं ते लायब्ररीतल्या केसांच्या पिनेने. जमिनीवर पडलेले दोन-चार ठिपके, बस्स. ती दिसेपर्यंत अख्ख्या फरशीवरून माऊस झाडूसारखा फिरवला. असली कोडी मला आजही अन्यायच वाटतात.

पण तुरुंगाचं कोडं! दिवाणखान्यातल्या आरशाचा तुटका तुकडा जागेवर बसला की पलीकडच्या अंधाऱ्या जगात जाता येतं, आणि ते जग म्हणजे याच गावाची हाडं-नळ्यांची नक्कल. इथे घर तिथे घर, इथे पोलीस ठाणं तिथेही ठाणं. माईकला इकडे पोलीस पकडतात तेव्हा कोठडीतल्या उशीखाली वस्तू लपवून ठेवायच्या. पुढे तिकडच्या कोठडीत अडकलात की त्याच वस्तू हाताशी येतात. हे डोक्यात शिरलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली. त्यानंतर इकडची साधी खोलीसुद्धा साधी वाटेना. प्रत्येक भिंतीला पाहून तिकडे इथे काय असेल हाच विचार.

चित्रांबद्दल सांगायलाच हवं. अंधाऱ्या जगासाठी गिगरची मूळ चित्रंच स्कॅन करून वापरली आहेत. 'एलियन' या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालेल्या चमूतला हा स्विस चित्रकार. त्या काळी बहुतेक गेम 320×200 ठिपक्यांच्या चित्रात असत. चित्रं ठोकळ्या-ठोकळ्यांची दिसू नयेत म्हणून गिगरने जास्त रिझोल्यूशनचा, म्हणजे जास्त ठिपक्यांचा आग्रह धरला, म्हणून हा 640×350 मध्ये आहे. किंमत मोजली रंगांनी: एका वेळी फक्त 16. पण करड्या-निळ्या छटांतल्या त्या कवट्या आणि फासळ्यांना जास्त रंग लागतही नाहीत. उलट इकडचं ऊन पडलेलं गावच जरा पुठ्ठ्याचं वाटतं.

शेवट सांगत नाही. खेळणार असाल तर वॉकथ्रू (गेम कसा सोडवायचा ते पायरीपायरीने सांगणारा मजकूर) बघायला लाजू नका, फक्त तुरुंगाचं कोडं स्वतः सोडवा. 1995 चा दुसरा भागही आणून ठेवलाय, पण मधे काही दिवस ज्यात घड्याळ नाही असं काहीतरी खेळणार आहे.