आधी भिंतीआडचे काम, मग फर्निचर

नेरुळमधली आमची इमारत सिडकोच्या जुन्या बांधकामांपैकी आहे. अशा घराचे नूतनीकरण करायचे ठरले की घरातली चर्चा टाइल्सच्या रंगापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच अडकते. आम्ही अंदाजपत्रक मुद्दाम उलट्या टोकाकडून लिहायला घेतले. संडास-बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या पाइपलाइनी आणि वायरिंग यांची रक्कम आधी बाजूला काढली आणि उरलेल्या पैशांत फर्निचर किती बसते ते पाहिले. कपाट चार वर्षांनीही करता येते. गळका पाइप बदलायचा तर मात्र नवी कोरी टाइल फोडावी लागते.

कोटेशने हातात आली की पहिली अडचण अशी, की ती एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एक जण टाइल बसवण्याचा दर केवळ मजुरीचा देतो, दुसरा मटेरियलसकट सांगतो. कुणी जुनी लादी फोडण्याचे आणि डेब्रिज उचलण्याचे पैसे धरलेले असतात, कुणी तो विषय काम सुरू झाल्यावर काढतो. किचनचा दर रनिंग फुटावर (म्हणजे नुसत्या लांबीवर), कपाटांचा चौरस फुटावर आणि वायरिंगचा पॉइंटमागे (म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीमागे) असतो, त्यामुळे लॉफ्ट वेगळा मोजणार का, गिझरचा पॉइंट साध्या पॉइंटच्याच दराने धरणार का, हे आधी लिहून घेतलेले बरे. मी सगळ्यांना एकच यादी दिली आणि तीत मालाचा दर्जाही नमूद केला: किचनसाठी आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे ओलाव्यात टिकणारे, प्लायवूड, एसी व गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप. जीएसटी दरात धरला आहे की वर लागणार, हेही त्याच कागदावर आले. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो, साहेब’ हे ऐकायला गोड लागते. परंतु पुढे घर विकताना भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करायचा झाला, तर पुरावा म्हणून बिलच लागते.

सोसायटीची लेखी परवानगी, अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि कॉलम-बीमला हात न लावण्याची हमी हे सोपस्कार ठरलेलेच असतात.

खरी कसोटी बाथरूमची. जुनी लादी आणि कोबा काढून वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल बसण्यापूर्वी, नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी वाहून जाण्याच्या तोंडात) कापडाचा बोळा घट्ट कोंबून आम्ही पाणी भरून ठेवले आणि पातळीवर भिंतीला खडूची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्टुलावर उभे राहून स्वतःच्या छताला तळहात लावून पाहिला आणि ‘कोरडं आहे, करा पुढचं काम’ असे सांगितले. कंत्राटदाराच्या शब्दापेक्षा मला हा तळहात अधिक खात्रीचा वाटला.

पैशांची जुळवणी करताना वैयक्तिक कर्ज चटकन मिळते म्हणून मोह होतो, पण चालू गृहकर्जावरचे टॉप-अप, म्हणजे त्यावर वाढवून घेतलेले, कर्ज बहुधा स्वस्त पडते. समजा, पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले, तर ९ टक्के दराने हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि १४ टक्के दराने सुमारे ११,६३० रुपये येतो. पाच वर्षांत हा फरक ७५,००० रुपयांवर जातो. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट मिळते. एवढ्यासाठी कर्ज काढावे असे नाही, पण काढलेच असेल तर ती सोडू नये.

हप्ते मी तारखांना नव्हे, कामाच्या टप्प्यांना बांधले: पाण्याची चाचणी झाली की एक, भिंती बुजवण्याआधी वायरिंग तपासले की दुसरा. दहा टक्के पावसाळ्यापर्यंत मागे ठेवायचे ठरवले, तेव्हा कंत्राटदाराने ‘पावसाचा आणि माझा काय संबंध?’ म्हणून कुरकुर केली. खिडक्यांच्या चौकटी त्यानेच बदलल्या होत्या. जुलैतल्या झडीत हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपले, त्याने येऊन सिलिकॉन नव्याने भरले आणि पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिल्यावर मी उरलेली रक्कम त्याच्या खात्यात भरली.