जुन्या खणाची उलटी बाजू

जुन्या वस्तूंच्या दुकानात एखादी वस्तू आवडली की मी ती आधी उलटी करून पाहते. समोरची बाजू विक्रेत्याने पुसलेली, पॉलिश केलेली, क्वचित घाईघाईने रंगवलेलीही असते. तळाला मात्र सहसा कोणाचा हात लागलेला नसतो. वस्तूचे वय, तिच्यावर झालेल्या दुरुस्त्या आणि ती वापरणाऱ्यांच्या सवयी यांचा माग तिथेच लागतो. काही महिन्यांपूर्वी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामागे मला एक सुटा लाकडी खण दिसला. ज्या कपाटाचा तो होता ते केव्हाच मोडीत निघाले असावे. एकट्या खणाचे काय करायचे, या विचाराने लोक तो बाजूला सारत होते, आणि मी मात्र त्याच्यापाशी बराच वेळ उकिडवी बसले होते.

दर्शनी फळीवर पितळी मूठ होती आणि मुठीच्या खाली, जिथे बोटे टेकतात तिथे, लाकडावर काळपट, गुळगुळीत असा अर्धचंद्र उमटला होता. बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा सरकून सरकून झिजल्या होत्या, पण उजवी कड डावीपेक्षा अधिक झिजलेली होती, म्हणजे कोणीतरी हा खण वर्षानुवर्षे एकाच हाताने, किंचित तिरका ओढत आले होते. कोपऱ्यांवर डव्हटेल सांधे होते, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंद होणारे दात एकमेकांत अडकवून केलेले जोड. त्यांतले कोणतेही दोन दात सारख्या रुंदीचे नव्हते आणि सुताराने कापण्यापूर्वी धारदार टोकाने आखलेली रेघ सांध्याच्या कडेला अजून दिसत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे सांधे यंत्राने कापले जाऊ लागले आणि यंत्राचे दात एकसारखे असतात. असमान दात आणि आखणीची रेघ हाताच्या कामाची खूण मानली जाते. एवढ्यावरून खण किती जुना हे ठरत नाही, कारण हाताने काम करणारे सुतार नंतरही होते आणि आजही आहेत.

मूठ दोन स्क्रूंनी बसवलेली होती. एकाच्या माथ्यावर सरळ, एकेरी खाच होती आणि दुसऱ्याच्या माथ्यावर फुली. फुलीच्या खाचेचे स्क्रू हेन्री फिलिप्स यांच्या १९३६ सालच्या पेटंटांनंतर सर्वत्र पसरले, त्यामुळे निदान हा दुसरा स्क्रू त्यानंतरचा होता. मूठ कधीतरी निसटली, एक स्क्रू हरवला आणि घरात जो सापडला तो कोणीतरी लावला, अशी ती साधी हकिकत त्या दोन माथ्यांवर वाचता येत होती. तळाच्या फळीला लांब चीर गेली होती. तिचेही कारण समोरच होते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, आणि ही हालचाल त्याच्या रेषांच्या लांबीत जवळजवळ होत नाही, रुंदीत होते. म्हणून जुने सुतार खणाचा तळ तीन बाजूंनी खाचेत नुसता सरकवून ठेवत आणि फक्त मागच्या कडेला एक-दोन खिळे मारत. या खणाचा तळ मात्र नंतर कोणीतरी बळकटीसाठी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडला होता. आक्रसायला वाव न मिळालेली फळी शेवटी मधोमध फाटली होती. त्याच फळीवर, एका कोपऱ्यात, पेन्सिलने ओढलेल्या तीन उभ्या रेघा होत्या. हा तिसरा खण होता. त्या तीन रेघा पाहिल्या आणि मी तो घेतला.

घरी आणल्यावर मी त्याला आठवडाभर काहीही केले नाही. हा नियम मी एका मोठ्या चुकीनंतर स्वतःला घालून घेतला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मला मालवाहतुकीची एक जुनी लाकडी पेटी मिळाली होती, जिच्या एका बाजूवर छापाने उमटवलेली, अर्धवट पुसट अक्षरे होती. लाकूड मळकट दिसते म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि तासाभरात पेटी स्वच्छ, फिकट, अगदी नव्यासारखी करून टाकली. अक्षरे गेली. मी काय घालवले ते मला दुसऱ्या दिवशी उन्हात पेटी पाहिल्यावर कळले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती अक्षरे कोणत्याही उपायाने परत येणार नव्हती. जुन्या वस्तूवर जे काम करायचे ते शक्य तोवर मागे घेता येईल असे असावे, हे मी त्या पेटीपासून शिकले. घर सजवण्याच्या माझ्या साऱ्या खटाटोपाला आता हीच अट असते.

स्वच्छतेची सुरुवात म्हणून मऊ, कोरडा ब्रश आणि नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके एवढेच पुरते, आणि दहांपैकी सात वेळा तिथेच थांबावे असे माझे मत आहे. लाकडावर कसला थर आहे हे पाहायचे असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून बोट लावावे. थर चिकट झाला तर ते बहुधा लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत फर्निचरवर ते सर्रास वापरले जाई. त्याचा मोठा गुण असा की ते स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. त्यामुळे ओरखडे पडलेला, धुरकट झालेला थर खरवडून काढावा लागत नाही. स्पिरिटने किंचित ओलसर केलेली कापडाची पुरचुंडी हलक्या हाताने, एकाच जागी न थांबता फिरवली की जुनाच थर सैल होऊन पुन्हा सारखा बसतो. माझ्या खणाच्या दर्शनी फळीवर मी एवढेच केले, आणि तो काळपट अर्धचंद्र जागच्या जागी राहिला. आतल्या कोरड्या लाकडाला मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिला. काही जण तिथे जवसाचे तेल लावतात, तेही उत्तम दिसते. मात्र तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. फडक्यांच्या गोळ्यात ती साठून राहिली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

धातूच्या बाबतीत खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे चुंबक त्याला चिकटत नाही. चिकटले तर वरून पितळी मुलामा दिलेले लोखंड आहे असे समजावे. मुलामा वाईट असतो असे नाही, पण तो घासून घासून निघून जातो, म्हणून आधी ठाऊक असलेले बरे. खऱ्या पितळेवर लिंबू आणि मीठ चोळले की ते झळाळते, हे सर्वांना माहीत आहे. मी मात्र खणाची मूठ झळाळू दिली नाही. अनेक वर्षांत हवेने आणि हातांनी चढवलेला तो तपकिरी रंग एका दुपारी उतरवता येतो आणि पुन्हा यायला तितकीच वर्षे लागतात. लोखंडी वस्तूंचा गंज वेगळा, तो वस्तूला खात जातो, त्यामुळे तो काढलाच पाहिजे. लहान बिजागऱ्या, कड्या आणि किल्ल्या रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून सकाळी तारेच्या ब्रशने घासाव्यात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारावे, धुवाव्यात आणि त्याच क्षणी कोरड्या करून तेलाचे किंवा मेणाचे बोट फिरवावे. ओल्या ठेवल्या तर तासाभरात नारिंगी छटा पुन्हा दिसू लागते. जस्ताचा थर दिलेल्या बादल्या आणि झाऱ्या मात्र व्हिनेगरमध्ये घालू नयेत, कारण आम्ल गंजाबरोबर जस्तही खाते.

एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. रांगड्या सजावटीत पोपडे उडालेला, थरांवर थर दिसणारा रंग फार आवडीने मिरवला जातो आणि नेमक्या अशाच रंगात शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली; इतर अनेक देशांत ती वेगवेगळ्या काळी, काही ठिकाणी बरीच नंतर आली. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ हवेत मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो. रंगाचे पोपडे हाताला येत असतील तर ती वस्तू कितीही सुंदर असली तरी मी ती दुकानातच सोडते. लाकडाला बारीक भोके असतील आणि त्यांतून ताजी, फिकट पूड गळत असेल तर आत कीड जिवंत असल्याचा संशय घ्यावा आणि ती वस्तूही घरात आणू नये.

आता खणाचे काय केले ते सांगते. तळातले नंतर मारलेले खिळे मी पकडीने एकेक करून काढले आणि चिरेवर मागच्या बाजूने सुती कापडाची पट्टी सरसाने चिकटवली. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून तोच वापरला. मग खण उभा केला, तळाची बाजू भिंतीकडे आणि दर्शनी फळी खाली, म्हणजे मूठ खालच्या अंगाला लोंबती राहिली. आत मधोमध एक आडवी फळी हवी होती. तिच्यासाठी दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या बारीक स्क्रूंनी बसवल्या आणि फळी त्यांवर नुसती टेकवली. भिंतीवर टांगण्यासाठी लाकडाची एक पट्टी लांबीत ४५ अंशांच्या तिरक्या छेदाने कापून तिच्या दोन पट्ट्या केल्या. एक भिंतीत पक्की केली आणि दुसरी उलटी करून खणाच्या पाठीवर, वरच्या कडेला लावली, म्हणजे खणाची पट्टी भिंतीच्या पट्टीवर नुसती अडकते. वजन पेलण्यासाठी पातळ तळावर विसंबता येत नाही, म्हणून स्क्रू तळातून आरपार नेऊन मागच्या फळीच्या जाडीत रुतवले, तेही सुताराच्या मूळ खिळ्यांच्या भोकांतूनच. खणाचा तळ कडेपासून थोडा आत बसवलेला असल्यामुळे पट्ट्या त्या पोकळीत लपल्या आणि खण भिंतीला लागून बसला. पाठीला नक्षीचा कागद लावायचा होता. तो तळाला न चिकटवता मापाने कापलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पुठ्ठा आत सरकवला.

त्या फळीवर मी काचेच्या तीन जुन्या बरण्या ठेवल्या आहेत. बरण्यांच्या बाबतीत वर्ष वाचून फसू नये. जॉन लँडिस मेसन यांना आट्याच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मिळाले आणि ती तारीख त्यानंतर कित्येक दशके बरण्यांवर उठवली जात राहिली; तारीख पेटंटाची असते, बरणीची नव्हे. त्यापेक्षा साच्याच्या शिवणीवरून बोट फिरवावे. ती मानेवर चढून थेट ओठाच्या कडेपर्यंत जात असेल तर बरणी बहुधा यंत्राने घडवलेली असते, आणि मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राचे पेटंट १९०४ सालचे आहे. आतला पांढुरका थर क्षारांचा असेल तर व्हिनेगरने जातो. काचच झिजून धुरकट झाली असेल तर जात नाही, आणि तशा बरणीत सुकलेल्या गवताच्या काड्या फार शोभतात. मी बरण्यांच्या फक्त मानेला सुतळीचे सात-आठ वेढे घेतले आहेत. पहिले टोक उभे धरून त्यावरून वेढे घ्यायचे आणि शेवटचे टोक सुईने वेढ्यांखालून ओढून घ्यायचे, म्हणजे गोंदाचा थेंबही लागत नाही. संपूर्ण बरणी सुतळीने मढवलेली मला आवडत नाही. त्यात काच दिसेनाशी होते आणि काचेसाठीच तर आपण ती आणलेली असते. सुतळी गुंडाळलेल्या बरणीत मेणबत्ती लावू नये. सुतळी चटकन पेटते. माझ्या बरणीत बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांची बारीक माळ आहे.

फळीच्या खालच्या भागात एकच वस्तू आहे, तळहाताएवढा आरसा, ज्याच्या कडेला काळे ठिपके पसरले आहेत. काचेवर रसायनाने चांदीचा थर चढवण्याची रीत युस्टुस फॉन लिबिग यांनी १८३५ साली शोधली. अशा आरशाच्या पाठीचा थर ओलाव्याने खराब झाला की ते ठिपके उमटतात. ते पुसून जाणार नाहीत आणि मला ते जायलाही नको आहेत. फक्त पुसताना फवारा थेट काचेवर न मारता फडक्यावर मारायचा, म्हणजे ओल कडेने पाठीमागे झिरपत नाही. शेजारची जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे काय काय मांडता येईल ते मला अनेकांनी सुचवले, पण सकाळचा प्रकाश त्या रिकाम्या लाकडावर पडतो तेव्हा रंध्याचे उथळ पट्टे एकामागे एक दिसतात, आणि ते झाकावेसे वाटत नाही.

खालच्या पितळी मुठीवर हात पुसायचे फडके अडकवलेले असते. ते काढताना बोटे नेमकी त्या गुळगुळीत अर्धचंद्रावर टेकतात. पेन्सिलच्या तीन रेघा आता भिंतीकडे आहेत; कोणी विचारले की मी आतल्या वस्तू उतरवते, खण पट्टीवरून अलगद उचलते आणि त्या दाखवते.