निळ्या खुणांची पोच

रजिस्टर पत्रासोबत पूर्वी एक छोटे कार्ड जात असे. पाठवणाऱ्याने त्यावर स्वतःचाच पत्ता लिहायचा, ते पाकिटाला जोडायचे, त्याचे वेगळे पैसे मोजायचे, आणि घेणाऱ्याने पोस्टमनसमोर सही केली की ते कार्ड उलट टपालाने परत यायचे. 'एडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत पोच हवी असणारा तिची किंमत देत होता आणि पोच देणारा समजून-उमजून सही करत होता. शिवाय ते कार्ड सांगे ते एवढेच, की पाकीट हाती पडले. ते तिथेच फोडले, जेवणानंतर चष्मा शोधून फोडले, की न फोडताच फडताळात टाकले, याची चौकशी टपाल खात्याने कधी केली नाही. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. पण पोच देण्याचे काम त्याच्या पुष्कळ आधीच व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या खुणांकडे गेले होते.

या निळ्या खुणा नोव्हेंबर 2014 मध्ये आल्या. एक करडी खूण म्हणजे निरोप निघाला, दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला, हे आधीपासून होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण ती यंत्राची हकिगत होती. रंग निळा झाला आणि माणसाची हकिगत सुरू झाली. तेव्हा इतकी ओरड झाली की काही दिवसांतच त्या बंद करण्याची सोय द्यावी लागली. ही सोय आजही आहे. मात्र खुणा मुळात चालू असतात आणि बंद करायच्या तर सेटिंगमध्ये शिरून ते बटण शोधावे लागते. जो शोधत नाही, त्याने येणाऱ्या प्रत्येक पत्रासाठी आगाऊच सही करून ठेवली आहे असे धरले जाते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली नैतिक अडचण इथे आहे. माहिती वाचणाऱ्याची, ती मिळते पाठवणाऱ्याला, आणि देवाणघेवाणीच्या अटी ठरवतो तिसराच.

निळी खूण सांगते ते तरी खरे असते का? निरोप पडद्यावर उघडला गेला, एवढेच तिला ठाऊक असते. दूध उतू जात असताना, रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना, किंवा दुसरेच काही शोधताना बोट लागून उघडलेला निरोपही 'वाचला' या सदरात जमा होतो. जवळच्या मित्राने आपल्या तपासणीचा अहवाल कळवला, किंवा चुलत भावाने संकोचत पैसे मागितले, तर अशा निरोपाचे उत्तर वाचता क्षणी देणे हाच खरा उद्धटपणा ठरावा. वाचणे आणि उत्तर देणे यांच्यामध्ये पूर्वी जो वेळ असे, त्यात माणूस शब्द जुळवत असे, घरात विचारत असे, कधी रागावून मग शांत होत असे. तो वेळ आजही लागतो. फरक एवढाच की आता तो मोजला जातो, आणि 'बघून सोडून दिलं' असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून लोकांनी आडवाटा शोधल्या आहेत. कोणी वरच्या पट्टीत डोकावणाऱ्या दोन ओळींवर भागवतात, तर कोणी नेट बंद करून निरोप वाचतात आणि पुन्हा चालू करायला धजत नाहीत. आपल्याला आलेले पत्र आपल्या सवडीने वाचण्यासाठी शहाण्यासुरत्या माणसांना अशी लपवाछपवी करावी लागते.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक थकबाकीदार नोटीस घेण्याचे टाळत होता. ती पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली गेली, त्याने ती उघडली, आणि न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खुणांवरून नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. टाळाटाळ करणाऱ्याची ती पळवाट बुजली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून देणे हा कायद्याने सांगितलेल्या रीतीला पर्याय होऊ शकत नाही. हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कचेरीची गोष्ट याहून साधी आहे. रात्री साडेदहाला साहेबांचा निरोप उघडला गेला की निळी खूण हीच हजेरी ठरते. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते; फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून लागू आहे. आपल्याकडे तो होईल तेव्हा होवो.

इतके म्हणूनही या खुणा सरसकट बंद कराव्यात असे मी म्हणू शकत नाही, आणि त्याला कारण आमच्या शेजारच्या काकू आहेत. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे चालते, त्यामुळे दोघांच्या जागेपणाच्या वेळा जेमतेम जुळतात. काकू झोपताना 'जेवलास का' एवढेच विचारतात आणि सकाळी उठून उत्तर पाहत नाहीत, रंग पाहतात. निळा असला की पोरगे ठीक आहे. ज्या पाळतीचा मला जाच वाटतो, तीच त्यांच्या लेखी खुशालीची तार आहे, आणि तिला पाळत म्हणण्याचे धाडस मी त्यांच्यासमोर करणार नाही.

व्हॉट्सॲपने एक नियम मात्र न्यायाने केला आहे: आपल्या खुणा झाकल्या, तर दुसऱ्याच्याही दिसत नाहीत. चोरून बघण्याची मुभा कोणालाच नाही. तरीही गटांमध्ये हे बटण चालत नाही. सोसायटीच्या गटावर पाण्याच्या टाकीची सूचना कोणी किती वाजता वाचली, हे सूचना टाकणाऱ्या चिटणिसांना नावानिशी दिसतेच. आणि 'लास्ट सीन' निवडक माणसांपुरता लपवता येतो, तसा या खुणांना अपवाद करता येत नाही. आईला दिसाव्यात आणि साहेबांना दिसू नयेत, ही साधी मागणी त्या एकुलत्या एक बटणात बसत नाही.

काकूंच्या मुलाने साहेबांपायी अखेर खुणा बंद केल्या, आणि आईसाठी रोज एक अंगठा पाठवण्याचे ठरवले. काकूंना ही तडजोड पसंत नाही. त्या म्हणाल्या, "निळ्यात निदान उघडून बघितल्याचं तरी कळायचं. अंगठा काय, न वाचताही देता येतो."