ओनोमिचीचे आजोबा आणि नवी नोट

जपानच्या शिनकान्सेन बुलेट ट्रेनने फुकुयामा, तिथून लोकलने ओनोमिची. डोंगरावरची देवळं, चढाच्या गल्ल्या, समोर सेतोचा समुद्र, सगळं मनासारखं झालं. पण मला लिहायचंय ते तिथल्या एका रामेनच्या दुकानाबद्दल.

दुकान जेमतेम आठ खुर्च्यांचं. दाराशीच तिकिटाचं मशीन: पैसे घालायचे, पदार्थाचं बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी आत द्यायची. मी जीवाणुशास्त्रज्ञ कितासातोंचं चित्र असलेली १००० येनची नवी नोट घातली. मशीनने ती बाहेर ढकलली. या नोटा जुलै २०२४ मध्ये आल्या, मशीन त्याआधीचं. कार्ड नाही, क्यूआर नाही. मागे एक शाळकरी मुलगा उभा, त्याच्याही हातात नवीच नोट.

सत्तरीतले आजोबा हात पुसत बाहेर आले, वाकून माफी मागितली आणि डब्यातून जुनी नोट काढून माझी नवी घेतली. मग त्या मुलाचीही बदलून दिली. पुन्हा आत, उकळत्या पातेल्यापाशी. माझ्यानंतरच्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ते असेच बाहेर येत राहिले. मला गिळवेना. निघताना फोनवरच्या भाषांतराने विचारलं, मशीन बदलत का नाही? नवं दहा लाख येनच्या पुढे जातं म्हणाले. त्यांचा वाडगा ७०० चा. म्हणजे चौदाशेहून जास्त वाडग्यांची अख्खी विक्री त्या एका खोक्यात.

जपानचे फॅक्स, शिक्के, फ्लॉप्या यांवर आपल्याकडे फार हसतात. मला ते हसणं खटकतं. कोरोनात डॉक्टर रुग्णांचे फॉर्म हाताने भरून फॅक्स करत होते, हे खरं. सरकारी नियमांतली फ्लॉपीची सक्ती २०२४ मध्ये संपली, हेही खरं. पण हे सगळं म्हाताऱ्यांच्या हट्टामुळे, हे मला पटत नाही.

ताई-भावोजी तोक्योत निशी-कासाईला राहतात. भावोजी बँकांच्या जुन्या सिस्टिम्सवर काम करतात. ते म्हणाले, इथल्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर कायम बाहेरून करून घेतलं, ज्यांनी लिहिलं ते निवृत्त झाले, आता आत काय आहे ते कंपनीतच कुणाला नीट ठाऊक नाही. अर्थ-उद्योग मंत्रालयाने २०१८ मध्येच बजावलं होतं की हे असंच राहिलं तर २०२५ नंतर वर्षाला १२ लाख कोटी येनपर्यंत नुकसान होऊ शकतं. बँक तो खर्च कुठेतरी जिरवेल. आजोबा कुठे जिरवणार? आपल्याकडे भाजीवालीला यूपीआयसाठी टक्केवारी द्यावी लागत नाही. तिथे कार्डावर आणि क्यूआरवर दुकानदाराचे पैसे कापले जातात. डिजिटल व्हा म्हणणाऱ्या सरकारने आधी हे बघायला हवं.

तिकडे गेलात तर १०० येनची नाणी भरपूर ठेवा. ५०० चं नको. २०२१ मध्ये आलेलं नवं नाणंही कित्येक जुनी मशीनं घेत नाहीत.