एकच कपाट, पण खाती वेगळी

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत पैसा चार वाटांनी येतो. रानात ऊस, गोठ्यात चार म्हशी, महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दुकान आणि धाकट्याचं उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत छोटं वर्कशॉप. घरात आल्यावर हा सगळा पैसा एकाच कपाटात जातो, आणि घर म्हणून ते ठीकच आहे. आयकर आणि जीएसटीला मात्र घर दिसत नाही. त्यांना पॅन दिसतो, आणि त्या पॅनखाली कुठला रुपया कुठून आला ते दिसतं. बऱ्याच भानगडी या सरमिसळीतून उभ्या राहतात.

खालचे आयकराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे नंबर बदलले. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे आणि सगळ्यांच्या तोंडात जुनेच नंबर आहेत, म्हणून इथे तेच दिलेत.

ऊस आणि दुधापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

ऊसबिलावर कर नाही, हे खरं. पण ‘कर नाही’ म्हणजे ‘दाखवायचं नाही’ असं नव्हे. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल (नव्या पद्धतीत ४ लाख), तर शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं मिळवलं जातं. उदाहरण घ्या. दुकानाचं उत्पन्न १० लाख, उसाचं खर्च वजा जाता ६ लाख. लोक म्हणतात, बारा लाखांपर्यंत कर शून्य, मग काळजी कशाला? हिशेब असा होतो: १६ लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून शेतीचे ६ आणि मर्यादेचे ४ अशा १० लाखांवरचा कर, म्हणजे ४०,००० वजा. उरले ८०,०००. कलम ८७ए ची सूट जास्तीत जास्त ६०,०००. राहिले २०,००० आणि ४ टक्के सेस धरून २०,८०० रुपये. ऊस दाखवलाच नाही तर सॉफ्टवेअर शून्य सांगतं आणि माणूस खूश होतो. पण कारखान्याचं बिल बँकेतच जमा झालेलं असतं.

आता दूध. म्हैस शेतकऱ्याची असली तरी दुधाचं उत्पन्न शेतीचं नाही, तो धंदा आहे. दर दहा दिवसांचं दूधबिल ‘शेती’ म्हणून दाखवायची सवय सोडा, कारण ती चुकीची तर आहेच, वर महागही पडते. वरच्याच माणसाचं वर्षाचं दूधबिल ३ लाख आणि सगळं बँकेत जमा, असं धरा. ते शेतीत टाकलं तर शेतीचे ९ लाख होतात आणि कर येतो ४६,८००. तेच कलम ४४एडी खाली (छोट्या धंद्याने उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरायची सोय) ६ टक्क्यांनी, म्हणजे १८,००० रुपये नफा म्हणून दाखवलं तर कर येतो २४,५४०. वैरण, पेंड, डॉक्टर यांची वेगळी वजावट मिळत नाही, कारण तो सगळा खर्च उरलेल्या ९४ टक्क्यांत धरलेलाच आहे.

गोठा बायकोच्या नावावर असेल आणि राबणारीही तीच असेल तर उत्पन्न तिचं. पण म्हशी नवऱ्याने स्वतःच्या पैशातून घेऊन तिला नुसत्या दिल्या असतील तर ते उत्पन्न नवऱ्याच्या खात्यात मिळवलं जाऊ शकतं. त्यापेक्षा तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून म्हशी घेणं सरळ.

गुळाचं थोडं वेगळं आहे. स्वतःचा ऊस गुऱ्हाळात घातला तर उसाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि त्यावरचा नफा धंद्याचा. म्हणून गुऱ्हाळात किती टन ऊस गेला त्याची नोंद ठेवा.

फॉर्म निवडताना हमखास होणारी एक चूक सांगतो. ४४एडी म्हटलं की सगळे डोळे मिटून आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’ भरतात. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर तो फॉर्म चालत नाही. ऊस आणि दुकान दोन्ही असलेल्या घराला आयटीआर-३ च भरावा लागतो. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही त्यात लिहावं लागतं. तेव्हा सातबारा, ८-अ आणि ऊसबिल एकाच नावाचं आहे ना, हे आधी बघा. जमीन वडिलांच्या नावावर, ऊसनोंद मुलाच्या नावावर आणि पैसे सुनेच्या खात्यावर असं असेल तर खुलासा करताना घाम फुटतो.

४४एडी बद्दल अजून दोन शब्द. रोखीच्या विक्रीवर नफा ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. उलाढालीची मर्यादा २ कोटी, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. एकदा ही पद्धत घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र असेल तर ऑडिट मागे लागतं. अॅडव्हान्स टॅक्स मात्र एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. आणि शाहू मार्केट यार्डातल्या अडत्यांनी लक्षात ठेवावं, अडत म्हणजे कमिशन, आणि कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी नाही.

दुकानात हल्ली नवीन घोळ आहे तो क्यूआर कोडचा. काउंटरवर तीन स्टिकर: एक मालकाचं, एक मुलाचं, एक बायकोच्या बचत खात्याचं. विक्री एका दुकानाची, जमा तीन पॅनवर. जीएसटी नोंदणीची मालाची मर्यादा ४० लाख आणि सेवेची २० लाख. ती पॅनवर मोजतात, म्हणून काहींना वाटतं असं वाटून घेतलं की सुटलो. सुटत नाही. माल एका बिलबुकातून जातो, खरेदी एका नावावर असते, आणि मुलाला त्याच्या खात्यातल्या आठ लाखांचा खुलासा देता येत नाही. एका दुकानाला एकच चालू खातं आणि एकच क्यूआर ठेवा. घरखर्चाला लागेल ते महिन्यातून एकदा ‘उचल’ म्हणून काढा. बचत खात्यात वर्षभरात १० लाख रोख भरली गेली की बँक ती आयकर खात्याला कळवतेच.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठोक जीएसटी भरायच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या योजनेत असलेल्या दुकानदारांसाठी कोल्हापूरची एक खास अडचण आहे, ती म्हणजे कर्नाटकातली निपाणी. कंपोझिशनमध्ये व्यापाऱ्याला १ टक्का भरून दर तिमाहीला सीएमपी-०८ फॉर्म आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४ रिटर्न दिलं की काम भागतं, पण परराज्यात माल विकता येत नाही. निपाणीचा माणूस दुकानात येऊन चप्पल घालून गेला तर प्रश्न नाही. तुम्ही ट्रान्सपोर्टला बॉक्स टाकून निपाणीला पाठवला तर ती आंतरराज्य विक्री झाली आणि कंपोझिशनचा हक्क गेला. घाट न ओलांडता, तासाभराच्या अंतरावर असं होतं म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. चप्पलवाल्यांना तर आता नेहमीची नोंदणी फारशी जड नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्केच जीएसटी आहे, आणि खरेदीवरचा कर वजा मिळतो.

आता वर्कशॉप आणि फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडे स्क्रॅप लागतंच. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून धातूचं स्क्रॅप घेतलं तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा, रिव्हर्स चार्जने. १८ टक्के, आणि तो क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या जमेतून) चालत नाही, रोख भरावा लागतो. स्वतःच्या नावे बिल ३० दिवसांत बनवायचं. भरलेला कर त्याच महिन्यात क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणून खिशातून शेवटी काही जात नाही. पण बिल बनवलंच नाही तर दोन-तीन वर्षांनी व्याजासह मागणी येते. नोंदणी असलेल्याकडून स्क्रॅप घेत असाल आणि सौदा अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के जीएसटीचा टीडीएस कापायचा. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ भरायचा.

१० ऑक्टोबर २०२४ पासूनच भाड्याचाही नियम बदलला. गाळा किंवा शेड नोंदणी नसलेल्या मालकाकडून भाड्याने असेल तर नोंदणीकृत भाडेकरूने १८ टक्के रिव्हर्स चार्जने भरायचे. मालक वडीलच असले तरी नियम तोच. कंपोझिशनवाल्यांना यातून १६ जानेवारी २०२५ पासून सूट आहे. भाडं नफ्यातून वजा करता, मग जीएसटीत ते का दिसत नाही, हा प्रश्न विचारायला अधिकाऱ्याला फार अक्कल लागत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या मशीनशॉपला जॉबवर्कचे पैसे थकवण्याची जुनी सवय आता महागात पडते. कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. समजा १ फेब्रुवारीला काम ताब्यात आलं आणि बिल ४ लाखांचं. करार असला तरी मुदत १८ मार्चला संपली. तुम्ही २५ मार्चला दिले तर उशीर झाला, पण खर्च त्याच वर्षी मिळतो. ३१ मार्च ओलांडली की ते ४ लाख त्या वर्षीच्या नफ्यात परत मिळवले जातात आणि ज्या वर्षी पैसे द्याल तेव्हाच वजा होतात. रिटर्नच्या तारखेपर्यंतची सवलत इथे नाही. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम लागत नाही, उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना लागतो. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांची यादी काढून कुणाकडे उद्यम नोंदणी आहे आणि ती कसली आहे, हे लिहून घ्या.

कामगारांचं थोडक्यात. दहा माणसांवर ईएसआय (कामगार विमा), वीस माणसांवर पीएफ, दोन्हींची तारीख पुढच्या महिन्याची १५. २०२५-२६ च्या हिशेबात कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा १६ तारखेला भरला तरी तो खर्च कायमचा गेला, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच ते स्पष्ट केलंय. व्यवसाय कराची मालकाची नोंदणी वेगळी आणि कामगारांची वेगळी. मालकाचे वर्षाला २,५००, ते ३० जूनपर्यंत. कामगारांकडून महिना १०,००० च्या वर पगार असेल तर २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिला कामगारांना २५,००० पर्यंत काहीच नाही, तरी अजून बऱ्याच ठिकाणी त्यांचे २०० कापले जातात. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. मालट्रकवाल्याला ही मर्यादा ३५,०००.

हातउसन्यांचंही तसंच. मेहुण्याकडून दुकानासाठी २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. पाहुण्याचा कितीही विश्वास असू दे, पैसे बँकेतूनच घ्या आणि बँकेतूनच परत द्या.

शेवटी जमीन, कारण घरातला सगळ्यात मोठा व्यवहार तोच. शेतजमीन विकली तर कर नाही, हे फक्त ग्रामीण शेतजमिनीला लागू. कोल्हापूर महापालिकेची २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५.४९ लाख, म्हणून इथे हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात. पाचगाव, उचगाव त्यातच आले. इचलकरंजीलाही ६, कागल नगरपरिषदेला २. अंतर हवाई मोजायचं, रस्त्याचं नाही. सातबाऱ्यावर ऊस लिहिलाय म्हणून सुटका होत नाही.

अशी जमीन दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेली असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर. २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेली असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदी किंमत) घेऊन २० टक्के, यातलं जे कमी ते. २००१ च्या आधीची वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, पण त्या दिवशीच्या रेडीरेकनरपेक्षा (मुद्रांकाच्या सरकारी दरापेक्षा) जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला विक्रीच्या आधी घ्या. एकूण किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा. भावकीतल्या सगळ्यांचे हिस्से मिळून ५० लाख मोजतात, प्रत्येकाचे वेगळे नव्हेत, आणि टीडीएस मात्र प्रत्येकाच्या पॅनवर स्वतंत्र भरावा लागतो.

विकण्याआधीची दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी ती जमीन कसली असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४बी खाली कर वाचतो. तोवरचे पैसे रिटर्नच्या तारखेआधी बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे, साध्या ठेवीत ठेवून चालत नाही. नवी जमीन तीन वर्षं विकायची नाही. आणि खरेदीखत विकणाऱ्याच्याच नावावर करायचं. ‘नाहीतरी पुढं पोराचंच आहे’ म्हणून थेट मुलाच्या नावावर केलं तर सवलत नाकारली जाण्याची वाट तुम्हीच मोकळी करून देता. आधी स्वतःच्या नावावर घ्या, तीन वर्षं जाऊ द्या, मग बक्षीसपत्र करा.